एजंटांच्या पॅनेलवर नाव लावतो म्हणून पैसे घेतले आणि माझ्या सहीचा रिपोर्टही बदलला

फ्लॅट तपासणीचा, म्हणजे होम इन्स्पेक्शनचा, व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. विशेषतः साईटवरची नोकरी सोडून या कामात उतरणाऱ्या आणि ग्राहकांसाठी इस्टेट एजंटांची दारं ठोठावायला निघालेल्या सिव्हिल इंजिनिअरांनी हे जरूर वाचावं. पिंपरी-चिंचवडमधल्या एका माणसाने "एजंटांच्या पॅनेलवर (म्हणजे एजंट ग्राहकांना ज्यांची शिफारस करतात त्या यादीत) तुमचं नाव लावून देतो" असं सांगून माझ्याकडून एक लाख पाच हजार रुपये घेतले. त्या पैशांचं दुःख आहेच. पण माझा रिपोर्ट बदलून त्याने एका कुटुंबाच्या गळ्यात ओल धरलेला फ्लॅट मारला, याचा संताप अजून जात नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी बांधकाम कंपनीच्या क्वालिटी विभागात बरीच वर्षं होते. टाईल ठोकून पोकळ आहे का पाहायचं, पाणी ओतून बाथरूमचा उतार तपासायचा, सॉकेटला अर्थिंग आहे का, आरसीसीबी (झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो का, भिंतीत किती ओलावा आहे, करारनाम्यातला कार्पेट एरिया प्रत्यक्षात भरतो का, हे सगळं रोजचं काम. नवीन फ्लॅट घेणाऱ्याला रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४(३) चा आधार असतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पाच वर्षं उलटलेल्या इमारतीतला रिसेल फ्लॅट घेणाऱ्याला हा आधार नसतो. त्याच्यासाठी टोकन देण्याआधीची तपासणी हेच काय ते संरक्षण. हा रिसेलवाला ग्राहक बहुतेक वेळा एजंटामार्फतच येतो. म्हणून नव्या माणसाला एजंटांकडे जावंच लागतं, आणि ही गरज हेरूनच हे लोक गाठतात.

त्या गृहस्थाने स्वतःहून फोन केला. माझं कार्ड एका सोसायटीच्या ऑफिसात पाहिलं म्हणाला. स्वतः एजंट आहे, वाकड, पुनावळे, रावेत, ताथवडे या पट्ट्यातल्या एजंटांचं नेटवर्क चालवतो, असं सांगितलं. "ताई, तुम्ही फक्त तपासणी करा, गिऱ्हाईक आणायचं काम आपलं," हे त्याचं वाक्य. वर्षाचे पॅनेल शुल्क ६५ हजार आणि परत मिळणारं डिपॉझिट ४० हजार. त्या भागात दुसऱ्या कुठल्याही तपासणीवाल्याला घेणार नाही, असा शब्द दिला.

त्याने एजंटांची यादी दिली, प्रत्येकाच्या नावापुढे महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. मी त्यातले बरेच क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहिले. सगळे खरे निघाले, नावं जुळली, मुदतही चालू होती. इथेच ही फसवणूक पक्की बेतलेली आहे हे समजून घ्या. एजंटांची नोंदणी सार्वजनिक आहे, ती कुणीही उघडून पाहू शकतो आणि उतरवूनही घेऊ शकतो. क्रमांक खरा असणं आणि तो एजंट या माणसाला ओळखत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे मी त्या यादीतल्या एजंटांना त्यांच्या ऑफिसात जाऊन भेटले, तेव्हा एकानेही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. आपलं नाव आणि नंबर वापरून कुणी पैसे गोळा करतंय हे कळल्यावर त्यातले दोघे तर माझ्याइतकेच चिडले.

पैसे भरल्यावर त्याने एका हॉटेलच्या हॉलमध्ये सकाळच्या नाश्त्याची मीटिंग ठेवली. तीसेक माणसं होती. मी मॉइश्चर मीटर, थर्मल कॅमेरा घेऊन गेले, नमुना रिपोर्ट दाखवला. लोकांनी प्रश्न विचारले, कार्डं घेतली. मी समाधानाने घरी आले. त्या मीटिंगला आलेली एक मुलगी नंतर मला भेटली. ती एका एजन्सीत नुकतीच लागलेली होती. तिला निरोप होता की नव्या प्रोजेक्टचं चॅनल पार्टनर मीट, म्हणजे बिल्डरचे फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटांची मीटिंग, आहे, या. मी बिल्डरच्या बाजूने बोलायला आले आहे असंच तिथे बऱ्याच जणांना वाटलं होतं. म्हणजे हॉल खरा, माणसं खरी, फक्त त्यांना आणि मला सांगितलेलं कारण वेगवेगळं. नाश्त्याचा खर्च अर्थात माझ्याच शुल्कातून झाला असणार.

मग त्याने कामं दिली. हो, खरी कामं दिली, आणि पैसेही वेळेवर दिले. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पैसे घर घेणाऱ्याकडून न येता त्याच्या खात्यातून यायचे, आणि रिपोर्ट "माझ्याकडे पाठवा, मी पार्टीला देतो" असा त्याचा हट्ट असायचा. घर घेणाऱ्याचा फोन नंबर तो कधीच द्यायचा नाही. कारण सांगायचा की ग्राहक एजंटाचा असतो, थेट बोललात तर एजंट नाराज होतात. हे कारण अगदीच खोटं नसतं. एजंटांना आपला ग्राहक फुटण्याची भीती खरोखर असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटतं.

काही दिवसांनी तो म्हणाला, बाणेर-हिंजवडी झोनही तुम्हालाच देतो, आणखी दीड लाख भरा. मी लेखी करार मागितला आणि आधी चार एजंटांना त्यांच्या ऑफिसात भेटवा म्हटलं. त्यानंतर कामं थांबली, आणि पुढे फोन उचलणंही थांबलं.

पावसाळ्यात मला एका बाईंचा फोन आला. आवाजात रडू होतं. "मॅडम, तुमच्या रिपोर्टवर विश्वास ठेवून आम्ही घर घेतलं, आणि बेडरूमची अख्खी भिंत सोलून निघतेय." मी लॅपटॉपवर मूळ रिपोर्ट उघडला. त्यात मी स्पष्ट लिहिलं होतं की बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीत ओलावा जास्त आहे, वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याची दाट शक्यता आहे, रंग नुकताच मारलेला आहे, आणि आरसीसीबी टेस्ट बटण दाबूनही ट्रिप होत नाही. बाईंनी त्यांच्याकडची प्रत पाठवली. लेटरहेड माझं, सही माझी, शिक्का माझा. भिंतीपुढे लिहिलं होतं, "ओल आढळली नाही". त्या भिंतीच्या जागी फोटो दुसऱ्याच घरातला होता. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाईलच्या पट्टीच्या) रंगावरून मी तो लगेच ओळखला, माझ्याच आधीच्या एका तपासणीतला. आरसीसीबीचा मुद्दा तर पूर्णच गाळलेला. विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण बंद आहे ही गोष्ट लहान मुलं असलेल्या घरापासून लपवली गेली. या व्यवहारात एजंट तोच होता, ब्रोकरेजही त्यानेच घेतलं.

तेव्हा मला त्याचा खरा हिशेब कळला. पॅनेलचे पैसे ही वरकमाई. त्याला हवी होती एका इंजिनिअरची सही, जिच्या जोरावर अडकलेले फ्लॅट विकता येतील.

मी त्याच दिवशी त्या घरी जाऊन मूळ रिपोर्टची प्रत दिली, दोन्ही रिपोर्टांतला फरक लेखी दिला, आणि इलेक्ट्रिशियनकडून आधी आरसीसीबी बदलून घेतला. दोघींनी मिळून पोलिसांत तक्रार केली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, आणि बनावट दस्त करणं व तो खरा म्हणून वापरणं यासाठी ३३६ आणि ३४०. बदललेली फाईल, मूळ फाईल, ती पाठवल्याचा ईमेल, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सगळं जोडलं. पैसे ऑनलाईन पाठवून नुकतेच फसला असाल तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त असते.

त्याच्या शुल्काच्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. तपासला तर तो दुसऱ्याच धंद्याच्या नावाचा आणि रद्द झालेला निघाला. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर 'पी' असेल तर ती व्यक्ती, 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म, 'सी' म्हणजे कंपनी. कुणी स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवत असेल आणि तिथे 'पी' दिसलं तर तिथेच थांबा. नाव आणि नोंदणीची सध्याची स्थिती जीएसटीच्या पोर्टलवर फुकट दिसते.

अमेरिकेत हा व्यवसाय जुना आहे. तिथल्या अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स या १९७६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या आचारसंहितेत स्पष्ट नियम आहे की काम मिळावं म्हणून किंवा शिफारशीच्या यादीत नाव यावं म्हणून तपासनीसाने एजंटाला कोणत्याही रूपात मोबदला द्यायचा नाही. कारण उघड आहे. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळतात त्याला आपण पैसे दिले, तर रिपोर्ट कुणाच्या बाजूने झुकावा याची अपेक्षाही त्याच्याबरोबर येते. आपल्याकडे घर तपासणाऱ्याला सरकारी परवाना नाही आणि असा नियम लावणारं कुणी नाही, म्हणून तो आपणच पाळायचा. पॅनेल, यादी, झोन, एक्सक्लुझिव्ह टायअप, नाव काहीही असो, त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. मागणारा प्रामाणिक असला तरी देऊ नका.

मी आता असं करते. रिपोर्ट फक्त घर घेणाऱ्याच्या ईमेलवर जातो आणि पैसे त्याच्याच खात्यातून घेते. एजंटाला प्रत हवी असेल तर ती ग्राहकाने द्यावी. प्रत्येक फाईलवर डिजिटल सिग्नेचर असते. त्यानंतर फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी सही तपासताना ते उघड होतं. पहिल्या पानावर माझा फोन नंबर आणि "खातरजमेसाठी फोन करा" असं मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे.

आणि एजंटांकडे मी स्वतः जाते. चांगले एजंट आहेत, पुष्कळ आहेत. त्यांची पहिली शंका ठरलेली असते, "तुमच्या रिपोर्टमुळे आमचं डील तुटेल." मी सांगते की दोष टोकनच्या आधी कळला तर किंमत कमी करून किंवा दुरुस्ती ठरवून सौदा होतो, ताब्यानंतर कळला तर भांडण तुमच्या ऑफिसात येतं. हे जुन्याजाणत्या एजंटांना लगेच पटतं, कारण त्यांनी ती भांडणं सोसलेली असतात. दुबईत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांचे पुण्यातले फ्लॅट सांभाळणारे एजंट तर स्वतः बोलावतात, कारण मालकाला ताबा घ्यायला येता येत नाही. नव्या इमारतींत मी एजंटांवर अवलंबून राहतच नाही. ताब्याची तारीख जवळ आली की खरेदीदारांचे व्हॉट्सअॅप ग्रुप बनतात, तिथे एका घराचं काम नीट झालं की शेजारची घरं येतात.

पश्चिम पुण्यात कुणी तपासणीच्या व्यवसायासाठी असे पॅनेलचे पैसे भरले असतील तर आपल्या पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या, रक्कम लहान असली तरी द्या, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक तक्रारीत नक्की लिहा. त्याच खात्यावर अनेकांच्या तक्रारी आल्या तर हा दोघांतला व्यवहाराचा वाद आहे असं म्हणून ते प्रकरण बाजूला टाकणं अवघड जातं. आणि त्या माणसाकडे तुमचे रिपोर्ट गेले असतील तर ती घरं शोधून मूळ प्रत तिथे राहणाऱ्यांच्या हातात द्या. मी माझ्या बाकीच्या रिपोर्टांची घरं शोधते आहे. एक सापडलं, तिथला रिपोर्टही बदललेला होता.