ॲसिट्रॉम की एपिक्साबॅन? कॅलेंडरातल्या एका अर्ध्याची गोष्ट

एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, इथे जास्त समजावत बसत नाही. ज्याच्या फाइलवर डॉक्टरांनी ती दोन अक्षरं लिहिली आहेत, त्याने स्वतःची नाडी धरून पाहिलेली असते आणि तिला ठेकाच नाही हे त्याला कळलेलं असतं. हृदयाच्या कप्प्यात गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर काय होतं, हेही त्याला कोणीतरी पुरेसं घाबरवून सांगितलेलं असतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर घ्यायचीच, तर जुनी ॲसिट्रॉम घ्यावी की एपिक्साबॅनसारखी नवी?

मी दोन्ही घेतल्या आहेत. साडेचार वर्षं ॲसिट्रॉम, मग जेमतेम दोन महिने नव्यांतली डाबिगाट्रान, आणि गेली तीन वर्षं एपिक्साबॅन. वय ६८, मधुमेह जुना, ब्लडप्रेशर त्याहून जुनं, गुडघे तर शाळेत असल्यापासूनच बोलायला लागलेले. मी डॉक्टर नाही, हायस्कुलात गणित शिकवायचो. तेव्हा पुढचं सगळं एका पेशंटचं मत म्हणून वाचा आणि बदल करायचा तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी एक रस्ता बंद करून टाकतो. 'इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) चालू आहे ना, मग झालं' असं म्हणणारे माझ्या ओळखीत चार-पाच जण तरी आहेत. एएफमधल्या गुठळीसाठी ते पुरत नाही. २०११ साली ॲस्पिरिन आणि एपिक्साबॅन समोरासमोर ठेवून मोठी चाचणी झाली, तेव्हा एपिक्साबॅन घेणाऱ्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी निघाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. हृदयात स्टेंट वगैरे असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टर करतील.

दुसरा रस्ता काहींसाठी आधीच ठरलेला असतो. आमच्या वाडीतल्या एकांनी गोव्यात, बांबोळीच्या इस्पितळात हृदयाला धातूची झडप बसवून घेतली आहे. त्यांना ही निवडच नाही. धातूची झडप असेल, किंवा लहानपणच्या संधिवाती तापाने डावीकडची मायट्रल झडप बरीच आकसली असेल, तर जुनीच गोळी. नवीच्या नादी लागू नये. आकसलेल्या झडपेच्या एएफ रुग्णांवर नव्यांतली रिव्हारॉक्साबॅन वापरून बघितलं गेलं, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले, आणि जुनी गोळी सरस ठरली. आपल्या देशात अशा झडपा अजून खूप आहेत, म्हणून हे आधी सांगितलं. पुढचं बाकीच्यांसाठी.

जुनीची मला लाज कधी वाटली नाही. वॉरफॅरिन हे तिचं थोरलं भावंड. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांना द्यायला परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा त्यांनाही तेच दिलं. माझा मेडिकलवाला 'गुरुजी, उंदराची गोळी' म्हणून पुडी पुढे करायचा, त्याचंही मला काही वाटायचं नाही. गोळी स्वस्त, संध्याकाळी एकदाच, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचा आकडा मिळतो. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो तो आकडा, २ ते ३ च्या मधे आला की माणूस निवांत. मला आकड्यांची सवय, २.४ वाचून मी लॅबमधून खुशीत बाहेर पडायचो. नवीत असा आकडा नाही. गोळी काम करते आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. पहिले सहा महिने मला ते जड गेलं, खोटं कशाला बोलू.

पण तो आकडा एका जागी राहील तर ना. आम्ही सिंधुदुर्गातले. जूनमध्ये पाऊस पडला की टाकळा, मग कुर्डू, भारंगी, परसातलं अळू, आणि गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी. हिरव्या पानात के जीवनसत्त्व भरपूर, आणि ॲसिट्रॉमचं काम म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या वाटेत उभं राहणं. त्याच्या जोरावर यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं, गोळी ते कमी करते. म्हणजे ताटात पाला वाढला की गोळी हरली. दर श्रावणात माझा आयएनआर १.४, १.६ असा खाली. डॉक्टर डोस वाढवणार. नवरात्रापर्यंत रानभाज्या संपल्या की तोच वाढवलेला डोस जास्त होणार, आकडा ३.९. डॉक्टर म्हणायचे, "भाजी सोडू नका, रोज सारखी खा." रोज सारखा टाकळा कुठून आणू? त्याचा हंगामच महिना-दीड महिन्याचा. शेवटी मी पावसाळ्यात पाल्याला हातच लावायचा नाही असं केलं. ही रागावली नाही, पण वाढताना माझ्या ताटाशी जरा थांबायची.

त्यात इतर औषधांची भांडणं. एका लग्नाच्या जेवणानंतर पोट बिघडलं, कोणीतरी मेट्रोनिडॅझोल दिलं, मीही विचार न करता पाच दिवस घेतलं. आकडा ५.२. प्रतिजैविक असो, बुरशीचं औषध असो की काढा, नवीन काहीही पोटात गेलं की लॅबची वारी. लॅब तालुक्याला. सकाळची एसटी, सुई, दुपारी रिपोर्ट, पुन्हा डॉक्टर. महिन्यातला एक दिवस असा गेलाच म्हणून समजा, आणि आकडा बिघडला असेल तर दोन.

तरी एवढ्यानेही मी जुनी सोडली नसती. सोडली ती दुधामुळे.

झालं असं. माझा डोस होता रोज २ मिलीग्रॅम, आणि आठवड्यातून दोन दिवस अडीच. म्हणजे दोनची एक गोळी आणि एकची अर्धी. कोणता दिवस ते लक्षात राहावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या दाराआडच्या कालनिर्णयच्या चौकोनात '½' लिहायचो. आता त्याच कालनिर्णयवर गेली चाळीस वर्षं दुधाचा हिशेब चालतो. रतीब रोज एक लीटर, ते लिहायचं नाही. जास्तीचं घेतलं तरच लिहायचं. मे महिन्यात नातवंडं आली, अर्धा लीटर वाढवलं, आणि हिने सवयीने चौकोनात '½' टाकला. माझ्याच पेन्सिलने. मी संध्याकाळी चष्मा न लावता चौकोन बघायचो, अर्धा दिसला की अर्धी जास्त. सलग नऊ दिवस मी दुधाच्या हिशेबाने रक्त पातळ करत होतो.

दहाव्या दिवशी दात घासताना बेसिनमध्ये लाल धार. आयएनआर ४.८. डॉक्टरांनी एक दिवस गोळी बंद केली, मग पुन्हा सुरू. फार काही बिघडलं नाही. पण चूक सापडली तेव्हा आम्ही दोघं कालनिर्णयसमोर उभे राहून एकेक चौकोन वाचत होतो, "हा माझा, हा दुधाचा, हा कुणाचा?" आणि चार चौकोनांचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. आयुष्यभर मुलांना सांगितलं, एकक लिहा, नाहीतर गुण कापीन. स्वतः मिलीग्रॅम लिहिलं नाही. मुलीने पुण्याहून फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, जी गोळी रोज सारखीच असते अशी काही नाहीच का?"

आहे. तशा तीन-चार आहेत, आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत.

मला आधी डाबिगाट्रान दिली. यातली ही पहिली, २०१० पासूनची. कॅप्सूल आहे, फोडायची नाही, आणि वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवायची नाही, कारण दमट हवेत ती बिघडते. जुलैत कोकणात आगपेटी पेटत नाही, तिथे हिची काय कथा. माझी सोमवार ते रविवार अशी खणांची डबी बाजूला पडली. त्याहून वाईट म्हणजे जळजळ. जेवून घेतली, पाणी भरपूर प्यायलो, तरी छातीच्या मधोमध आग. ही तक्रार बऱ्याच जणांची असते, सगळ्यांची नसते. शिवाय ती मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि मधुमेह्याने आपल्या मूत्रपिंडावर फार भार टाकू नये अशी माझी आपली समजूत.

रिव्हारॉक्साबॅन मी घेतलेली नाही, माझे साडू घेतात. दिवसातून एकदा, हे तिचं सुख. पण ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. साडूंना संकष्टीचा कडक उपास. त्या दिवशी त्यांची गोळी चंद्रोदयाला. नऊ वाजता म्हणा, साडेनऊला म्हणा, ढग असतील तर कालनिर्णय बघून. त्यांचं व्यवस्थित चाललं आहे. मला पुन्हा कालनिर्णयकडे जायचं नव्हतं.

एपिक्साबॅन सकाळी एक, संध्याकाळी एक. ५ मिलीग्रॅम, जेवणाआधी, जेवणानंतर, कशीही. सोमवारी जेवढी तेवढीच गुरुवारी. २०११ च्या मोठ्या चाचणीत अठरा हजारांवर रुग्णांत ती वॉरफॅरिनशी तोलली गेली, तेव्हा पक्षाघात आणि इतरत्र अडकलेल्या गुठळ्या मिळून २१ टक्के कमी आणि मोठे रक्तस्राव ३१ टक्के कमी निघाले. हे आकडे डॉक्टरांनी सांगितले आणि मी वहीत उतरवून घेतले. पण मला पटलं ते पहिल्या श्रावणात. अळूचं फदफदं दोनदा वाढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काहीही करायचं नव्हतं.

हिच्यातही खोड्या आहेत. पहिली पैशाची. मी सुरू केली तेव्हा पेटंट नुकतंच संपलं होतं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या येऊ लागल्या होत्या, म्हणून परवडली. आजही एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या भावात दुप्पट फरक सापडतो, तेव्हा मेडिकलवाल्याला विचारायला लाजू नका. तरीही गोळीला गोळी लावली तर ॲसिट्रॉमच स्वस्त. मी लॅबचे पैसे, एसटीचं भाडं आणि तालुक्याच्या हॉटेलातली मिसळ धरून बेरीज केली तेव्हा फरक पुष्कळ कमी झाला. मिसळ धरावी की नाही यावर मतभेद होऊ शकतात.

दुसरी खोडी गंभीर आहे. ही गोळी लवकर उतरते. रक्तातलं औषध साधारण बारा तासांत निम्मं होतं. म्हणजे एक दिवस गोळ्या चुकल्या तर छत्री मिटलीच. मागच्या वर्षी चतुर्थीच्या धामधुमीत माझी पट्टी संपली, आणि गावातल्या दुकानात नेमकी तीच नव्हती. पुतण्या मोटारसायकलने तालुक्याला जाऊन घेऊन आला, तोवर दोन वेळा हुकल्या होत्या. त्या रात्री मी आरतीत टाळ वाजवण्यापेक्षा तोंड वाकडं होतंय का हे आरशात जास्त वेळा बघितलं. आता महिन्याचा साठा हाताशी असतो. ज्यांना गोळ्या विसरायची सवयच आहे, त्यांनी नवी घेण्याआधी याचा विचार करावा. जुनी निदान आकड्यातून चुगली करते.

तिसरी, अपघात झाला तर. ॲसिट्रॉमवर उतारा म्हणून के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आहे, स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी मिळतं. एपिक्साबॅनसाठी तसा साधा उतारा नाही. मी स्कूटर चालवणं सोडलं त्याला हे एक कारण. दुसरं कारण गुडघे.

गुडघ्यांवरून आठवलं. या बाबतीत दोन्ही गोळ्या सारख्याच खडूस. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि तत्सम दुखणं मारणाऱ्या गोळ्यांपासून दोन्हीवर दूरच राहायचं, पोटातून रक्त जाऊ शकतं. पॅरासिटामॉल आणि शेक, यावर माझं भागतं. फार भागतं असं नाही.

डोसबद्दल एक गोष्ट विचारून घ्या. एपिक्साबॅनचा डोस निम्मा, म्हणजे २.५, करायचा तो सहसा तीन गोष्टींपैकी दोन लागू असतील तर: वय ८० किंवा वर, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त. माझं वजन ५८, पण बाकी दोन लागू नाहीत, म्हणून पूर्ण ५. साडूंच्या एका मित्राला 'वय झालंय' एवढ्यावर निम्मा दिला होता, तो पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दुरुस्त केला. रक्तस्रावाच्या भीतीने डोस कमी ठेवायचा मोह होतो, पण मग गुठळीपासूनचं संरक्षणही अर्धवट. आणि लॅब पूर्ण सुटत नाही. क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन मी सहा महिन्यांनी करतो. मधुमेहाच्या तपासणीबरोबर ते होऊन जातं, वेगळी एसटी लागत नाही.

तेव्हा ज्याची लॅब घराजवळ आहे, ताट बारा महिने सारखं आहे आणि आकडा वर्षभर दोन-तीनच्या मधे बसतो आहे, त्याने उगाच बदलावं असं मी म्हणणार नाही. धातूच्या झडपेवाल्यांनी तर हा विषयच काढू नये. बाकी कोणी माझ्याकडे विचारायला आलं, तर मी त्याला चहा देतो, दोन्ही बाजू सांगतो, आणि जाता जाता एपिक्साबॅनची पट्टी दाखवतो.

बदलताना घाई केली नाही. जळजळीने डाबिगाट्रान बंद केल्यावर डॉक्टरांनी नवी ठरेपर्यंत मला थोडे दिवस परत ॲसिट्रॉमवर ठेवलं होतं. ती थांबवायची, आयएनआर २ च्या खाली उतरू द्यायचा, मगच एपिक्साबॅन सुरू, असं त्यांचं सांगणं. दोन्ही एकदम चालू ठेवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आकडा १.७ आला आणि त्याच संध्याकाळी पहिली गोळी घेतली. उरलेल्या चौदा ॲसिट्रॉम अजून डबीत आहेत. ही म्हणते, टाकून द्या, कोणीतरी चुकून घेईल. बरोबर आहे तिचं.