बोरिवली नॅशनल पार्क: दारातूनच परत फिरू नका

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला नावं ठेवणारे बहुतेक लोक दारापासून अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल बोलत असतात. सफारीची रांग, सेल्फीवाले आणि रविवारची जत्रा हे सगळं तिथेच. लहान मुलं सोबत असतील तर ठीक. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलाचा निकाल एवढ्यावर लावणं चूक आहे. पैसे वसूल होतात ते आतल्या कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यावर.

दारापासून लेणी पाच-सहा किलोमीटर. बस मिळते, पण चालत किंवा भाड्याच्या सायकलने जावं. सायकल घेताना आधी ब्रेक दाबून बघा, मग सीटची उंची. सीट खाली राहिली तर चढावर गुडघे बोलतात. रस्ता सुरुवातीला सोपा वाटतो आणि तिथेच लोक दम घालवतात. खरा चढ शेवटी आहे. बिनगिअरची सायकल तिथे हातात धरूनच न्यावी लागते. उतरताना पुढचा ब्रेक एकटा दाबू नका, वळणावर पालापाचोळा असतो.

माणशी दीड लिटर पाणी हवंच, उन्हाळ्यात दोन. खाऊ बंद पिशवीत, पिशवी पाठीवर. हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. अशा वेळी ओढाताण करू नये, पिशवी सोडून द्यावी. वाटेत पाड्यांवरच्या बायका काकडी, कैरी, चिंच विकतात. तिखटमीठ लावलेली काकडी घ्याच.

लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं. सोमवारी उद्यानही बंद, लेणीही बंद, तरी दर सोमवारी कुणीतरी दारात येऊन परततंच. लेणी शंभरावर आहेत. बहुतेकजण ३ क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आणि व्हरांड्यातले सात मीटर उंच बुद्ध पाहून मागे फिरतात. तसं करू नका. ११ क्रमांकाची दरबार लेणी पाहा, मग पायऱ्यांनी वर जा. ४१ मध्ये अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तो शोधावा लागतो. जवळपास प्रत्येक विहाराजवळ (भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्याजवळ) पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, आणि तिच्याकडे येणारी कोरीव पन्हळ दिसेल. पावसाळ्यात ही व्यवस्था वाहताना बघायला मिळते, मूर्तींपेक्षा मला तीच भारी वाटते.

मात्र पावसात ओला बेसाल्ट शेवाळामुळे साबणासारखा होतो. गुळगुळीत तळाचे बूट आणि चपला घरी ठेवा, ओढ्याच्या मधोमध उतरू नका. पाणी वरच्या कातळावरून काही मिनिटांत वाढतं.

उद्यानातलीच शिलोंड्याची जंगलवाट वेगळी. तिथे परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जाता येतं. हा बिबट्यांचा मुलूख आहे, त्यामुळे परवानगीशिवाय डांबरी रस्ता सोडून आत शिरणं निव्वळ मूर्खपणा. कारवी, म्हणजे कैक वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप, २०२४ मध्ये फुलून गेली. आठ वर्षांचं चक्र धरलं तर पुढचा बहर २०३२ च्या पावसाळ्याच्या शेवटी.