पार्किन्सन्ससाठी फिजिओ: केंद्रात न्यायचं की घरी बोलवायचं?

निदान होऊन काही वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत आणि प्रत्येक भेटीत डॉक्टर "व्यायाम सोडू नका" म्हणतात, अशा घरांसाठी हे लिहितोय. बाबांसाठी आम्ही आधी रिहॅब केंद्र पाहिलं, नंतर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई.

सामान आणि माणसं यांत केंद्राचं पारडं जड, हे आधीच मान्य करतो. पॅरलल बार, पट्ट्याच्या आधाराने चालवणारी ट्रेडमिल, शिवाय ऑक्युपेशनल (रोजची कामं जमवून देणारे) आणि स्पीच थेरपिस्ट (बोलणं-गिळणं बघणारे) तिथेच. गिळताना ठसका लागत असेल तर ही सोय फार मोलाची. एलएसव्हीटी बिग (पार्किन्सन्ससाठी मुद्दाम मोठ्या हालचाली करवून घेणारा व्यायाम) यासारखा आठवड्याला 4 दिवस, रोज 1 तास, असा 4 आठवड्यांचा कार्यक्रमही केंद्राच्या शिस्तीत नीट पार पडतो. आणि घरी आमचं कुणाचंच न ऐकणारे बाबा तिथे चारचौघांत निमूटपणे हात उंच करायचे!

अडलं ते गोळीच्या वेळेवर. लेव्होडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी) घेतल्यावर साधारण पाऊण तासाने बाबा 'ऑन' होतात, म्हणजे हालचाल मोकळी होते, आणि दोन-अडीच तासांत असर ओसरू लागतो, तो 'ऑफ'. आजार पुढे सरकतो तसा हा मधला वेळ आखडत जातो. आमचा निम्मा वेळ कपडे चढवणं, जिना उतरणं आणि गाडीत बसवणं यातच खर्ची पडायचा. पोचावं तर "आधीचे पेशंट आहेत, जरा बसा." नंबर लागेपर्यंत बाबांचा चेहरा थिजलेला, अंगठ्याची थरथर सुरू. मग उरलेला तास नुसतं खुर्चीतून उठण्यात जायचा. डॉक्टरांना न विचारता गोळी मागेपुढे करता येत नाही, त्यात प्रोटीनचं जेवण गोळीच्या असराआड येतं, म्हणजे जेवणही त्याच हिशोबात बसवायचं. रोज कोण करणार ही कसरत?

घरी येणाऱ्या बाईंनी आधी गोळीची वेळ विचारली आणि मग स्वतःची ठरवली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसरा फायदा नंतर कळला. केंद्राच्या ऐसपैस हॉलमध्ये बाबा झोकात चालायचे. पाय चिकटायचे ते घरी, बाथरूमच्या दारात आणि पलंगाशेजारच्या चिंचोळ्या जागेत वळताना. बाईंनी त्या दाराआधी जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, एकेक ओलांडत जायला. वळायचं ते जागच्या जागी नाही, मोठा वळसा घेऊन. पाय अडला की आई हात धरून ओढायची, ते त्यांनी बंद करवलं. आता बाबा थांबतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलवतात आणि "एक" म्हणत पाऊल टाकतात.

घरच्या सोयीत खोटही आहेच. बाई रजेवर गेल्या की खाडा पडतो, आणि बाबांना केंद्रातली मंडळी आठवतात.

निदान नवं असेल, पेशंट स्वतः ये-जा करत असेल, तर कदाचित केंद्रच बरं. वारंवार पडणं, ठसका किंवा उभं राहताच बीपी उतरणं असेल, तर डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्या, मगच घरचा विचार. पण दिवसाचे तास ऑन-ऑफमध्ये वाटले गेले असतील, तर मी घरीच बोलवा म्हणेन. पहिल्याच फोनवर गोळीच्या वेळा सांगा. "आमचा स्लॉट असेल तेव्हा येऊ" असं उत्तर आलं, तर दुसरं कुणी बघा.