पॅराव्ह्यू: त्रिमितीय माहितीच्या आत शिरण्याचे साधन

त्रिमितीय आकृती पडद्यावर गरागरा फिरवली की ती समजली, असा समज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. वास्तविक फिरवण्याने केवळ बाहेरचे कवच दिसते. आतले तापमान, दाब किंवा प्रवाह पाहायचा, तर आकृती कापावीच लागते. पॅराव्ह्यू मला आवडते ते या कापण्याच्या सोयींमुळे. किटवेअर ही कंपनी आणि अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी २००० साली हाती घेतलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर विनामूल्य चालते.

सरावासाठी दिलेल्या नमुन्यांपैकी तापलेल्या, फिरत्या चकतीभोवतीच्या हवेचा नमुना आवर्जून उघडावा. सुरुवातीला नुसता दंडगोल दिसतो. ‘क्लिप’ने त्याचा अर्धा भाग दूर केला की आतली रचना उघडी पडते, ‘स्लाइस’चे प्रतल माउसने सरकवत नेले की तापमान कुठे कसे बदलते ते कळते, आणि ‘कंटूर’ला ४०० केल्विन हे मूल्य दिले की तेवढ्याच तापमानाचा पृष्ठभाग वेगळा उभा राहतो. हवेचा मार्ग दाखवणाऱ्या ‘स्ट्रीम ट्रेसर’च्या प्रवाहरेषा फार बारीक दिसतात, त्यांवर ‘ट्यूब’ लावून त्यांना नळीसारखी जाडी दिल्यास त्या स्पष्ट होतात.

दोन खिडक्यांचे कॅमेरे, म्हणजे आकृतीकडे पाहण्याचे कोन, एकमेकांशी जोडण्याची सोय मात्र फारसे कोणी वापरत नाही, याची खंत वाटते. एकीत अखंड आकृती आणि दुसरीत तिचा छेद ठेवला, की एक फिरवताच दुसरीही तशीच फिरते आणि आपण नेमके कुठे पाहत आहोत, हे भान सुटत नाही. आकारांची तुलना करताना ‘पॅरलल प्रोजेक्शन’ सुरू करणे अत्यावश्यक आहे, कारण एरवी जवळचा भाग मोठा भासतो. इंद्रधनुषी रंगपट्टी टाळलेलीच बरी. मूल्ये सावकाश बदलत असतानाही ती नसलेल्या सीमारेषा दाखवते.

उणिवाही आहेत. प्रत्येक बदलानंतर ‘अप्लाय’ दाबणे नवख्याला जाचक वाटते. ते आपोआप होण्याची सोय आहे, पण मोठ्या फाइलवर ती सुरू ठेवल्यास संगणक रखडतो. माहिती ज्या लहान लहान घनखंडांच्या जाळीत साठवलेली असते ती जाळी अनियमित असेल, तर तिचे ‘व्हॉल्यूम रेंडरिंग’, म्हणजे आकृती न कापता तिचा सगळा आतला भाग अर्धपारदर्शक रंगांत दाखवणे, संथ चालते. आधी ‘रीसॅम्पल टू इमेज’ने तीच माहिती समान चौकटींच्या नियमित जाळीत आणल्यास वेग वाढतो, परंतु या चौकटी मोठ्या ठेवल्या तर पातळ थर नाहीसे होतात. म्हणून बारीक तपशील तपासताना मूळ जाळीवरच छेद घ्यावा.