फिश रूम: रिकामी बेडरूम की गच्ची?

माशांच्या टाक्या तिनाच्या सहा झाल्या आणि हॉलमधला सोफा हलवायची वेळ आली, की फिश रूमचा, म्हणजे टाक्यांसाठी वेगळ्या खोलीचा, विषय निघतोच. पुण्यात रो-हाउस असेल तर पर्याय बहुधा दोनच: मुलं बाहेरगावी गेल्याने रिकामी झालेली बेडरूम, नाहीतर गच्चीवर पत्र्याची शेड. मी पहिली चार वर्षं बेडरूममध्ये काढली, आता गच्चीवर आहे.

आधी वजन. 2 × 1 × 1 फुटाच्या टाकीत साधारण 56 लिटर पाणी, म्हणजे 56 किलो. तीन मजली रॅकवर अशा 12 टाक्या धरल्या तर नुसतं पाणीच पावणेसातशे किलो. काच, वाळू आणि लोखंडी अँगल वेगळे. आयएस 875 या मानकात घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापरभार (माणसं आणि सामानाचं वजन) धरतात आणि वावराच्या गच्चीसाठी 150. म्हणजे ‘वर काय, मोकळंच आहे’ हा हिशेब उलटा पडतो. रॅक कुठेही असो, खोलीच्या मधोमध नको. खाली बीम असलेल्या भिंतीला लावा, आणि एवढा बेत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवा. सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर हा पर्याय डोक्यातूनच काढा.

तापमानाच्या बाबतीत बेडरूमला तोड नाही. डिस्कस माशाला 28 ते 30 अंश लागतात. बंद खोलीत ते सांभाळायला हीटरला फारसे कष्ट पडत नाहीत. गच्चीवर जानेवारीच्या पहाटे पारा 10-12 वर येतो आणि एप्रिलच्या दुपारी पत्रा तापून छोट्या टाकीतलं पाणी पस्तिशीकडे सरकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. पत्र्याखाली थर्माकोल आणि वर शेडनेट टाकल्यावर फरक पडतो, पण डिस्कससाठी मी तरी ती जोखीम घेणार नाही. गप्पी आणि मॉली हे मासे मात्र तिथे खुशाल वाढतात. उन्हामुळे पाणी हिरवं होतं आणि पिल्लांना खाद्य आयतं मिळतं. झाकण मात्र हवंच, नाहीतर खंड्या रोज हजेरी लावतो.

आता पाणी, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं तर वर सांगितलेल्या 12 टाक्यांचे सव्वादोनशे लिटर काढायचे आणि तेवढेच भरायचे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून निळ्या ड्रममध्ये क्लोरीन घालवणारा हायपो टाकून ते आधीच तयार ठेवावं लागतं. बेडरूममध्ये मोरी नसते. मी सायफनची नळी संडासापर्यंत ओढायचो. एका रविवारी दूधवाल्याला पैसे द्यायला उठलो, नळी सुटली आणि खालच्या हॉलच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला. तो अजून आहे. बायको पाहुण्यांना तो आवर्जून दाखवते.

बेडरूममध्ये वाफेचाही त्रास आहे. टाक्यांवर काचेची झाकणं आणि खिडकीत एक्झॉस्ट नसेल तर पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते. गच्चीवर वाफेची चिंता नाही. पाण्याच्या ड्रमांवर जाळी तेवढी बांधा, डासांची पैदास तिथेच होते.

हवेचं काम दोन्हीकडे सारखंच. प्रत्येक टाकीला वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा एक मोठा एअर पंप, पीव्हीसी पाइपचा फेरा आणि स्पंज फिल्टर स्वस्त पडतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, तो इन्व्हर्टरवर घ्या आणि सर्किटला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावा. ओल्या हातांनी काम करताना तिच्यावर पैसे वाचवू नयेत.

तर डिस्कस किंवा टेट्रा पाळायचे असतील आणि टाक्या आठ-दहाच राहणार असतील, तर बेडरूम घ्या. अट एकच, शेजारी बाथरूम हवं. गप्पी, मॉलींची पैदास करून पिल्लं दुकानदाराला द्यायची असतील तर गच्ची, फक्त आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. कोबा घालताना उतार नहाणी ट्रॅपकडे आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून बघा. आमच्या गवंड्याने तो जिन्याकडे काढला, त्यामुळे दर रविवारी टाक्या उरकल्या की मी अर्धा तास खराट्याने पाणी ढकलत असतो.