प्रोग्रेस मालवाहू यान: एका जुन्या रसदसेवेचे परीक्षण

ज्या सेवेचे ग्राहक मोजकेच असतात आणि जिचे वाहन प्रत्येक फेरीनंतर जाळून टाकले जाते, तिला नेहमीच्या कसोट्या लावणे अवघडच आहे. तरीही २० जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाच्या साल्युत-६ या अंतराळ स्थानकाकडे पहिली खेप घेऊन निघालेले प्रोग्रेस हे रशियाचे मानवरहित यान आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकालाही रसद पोहोचवत आहे.

केवळ वजन पाहिले तर ही सेवा उणी ठरते. एका फेरीत प्रोग्रेस साधारण अडीच टन माल नेते. युरोपच्या एटीव्ही या मालवाहू यानाची क्षमता जवळपास तिप्पट होती. त्यातच डॉकिंगची (यान स्थानकाला जोडले जाते तिथली) वाट जेमतेम ८० सेंटीमीटर रुंद, त्यामुळे अवजड उपकरणे तिच्यातून आत जातच नाहीत. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या सिग्नससारखे, यंत्रहाताने पकडून रुंद दाराला जोडले जाणारे यान लागते. इथे मात्र यान जोडले गेल्यावर हवा कुठे गळत नाही ना याची खात्री करून घ्यायची, दार उघडून वाटेतच बसलेली डॉकिंगची यंत्रणा सोडवून बाजूला करायची आणि मगच सामानाला हात घालायचा, असा क्रम असतो.

पण प्रोग्रेसचा खरा गुण या सामानात नाही. मालाचा कक्ष आणि इंजिनांचा कक्ष यांच्यामध्ये इंधनाच्या टाक्यांचा स्वतंत्र भाग असून तेथील इंधन डॉकिंगच्या कड्यातील नळ्यांवाटे थेट स्थानकाच्या टाक्यांत जाते; कोणाला काही उचलावे लागत नाही. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही हवेचा विरळ अंश उरलेला असल्याने स्थानक हळूहळू खाली येत राहते, आणि त्याला पुन्हा वर ढकलण्याचे काम मागच्या बाजूला जोडलेले प्रोग्रेस स्वतःची इंजिने चालवून करते. माल टाकून पावती घेऊन चालता होणारा हमाल हा नव्हे; तो पुढे कित्येक महिने घरच्या कामाला जुंपलेला असतो.

वक्तशीरपणाही सुधारला आहे: पूर्वी दोन दिवसांचा असलेला प्रवास जुलै २०१८ मध्ये प्रोग्रेस एमएस-०९ने चार तासांच्या आत उरकला. विश्वासार्हतेचे गुण देताना मात्र हात आखडावा लागतो. जून १९९७ मध्ये दूरनियंत्रणाने जोडणीची चाचणी सुरू असताना प्रोग्रेस एम-३४ रशियाच्या मीर स्थानकाच्या स्पेक्टर कक्षावर आदळले आणि तो कक्ष कायमचा बंद करावा लागला. पुढे २०११, २०१५ आणि २०१६ साली एकेक खेप वाया गेली. त्यांतली एप्रिल २०१५ची सर्वांत गैरसोयीची, कारण आदल्या ऑक्टोबरात सिग्नस नष्ट झाले होते आणि जूनमध्ये ड्रॅगन हे अमेरिकेचे दुसरे मालवाहू यानही नष्ट झाले. जुलैच्या आरंभी पुढचे प्रोग्रेस सुखरूप पोहोचले, म्हणून निभावले.

सर्वांत मोठी तक्रार परतीची आहे. यानाला उष्णतारोधक कवच नाही. मीरच्या काळात रादुगा नावाची छोटी कुपी सोबत देऊन थोडेफार नमुने पृथ्वीवर आणले जात. पण ती सोय १९९४ नंतर राहिली नाही. आता रिकाम्या कक्षात कचरा, वापरलेले कपडे आणि निकामी सुटे भाग भरून यान दक्षिण प्रशांत महासागराच्या वर जाळले जाते, आणि प्रयोगाचे नमुने परत हवे असतील तर ड्रॅगनच्या फेरीची वाट पाहावी लागते.