घरघंटीची जाहिरात कुठे द्यावी: खासगी एफएम की आकाशवाणी?

नाशिकमध्ये छोटा व्यवसाय सांभाळणाऱ्याने रेडिओवर जाहिरात करायचे मनावर घेतले, की खासगी एफएम घ्यावे की आकाशवाणीचे १०१.४, हा प्रश्न उभा राहतोच. आमचे घरघंट्यांचे, म्हणजे घरगुती पिठाच्या गिरण्यांचे, दुकान आहे. दोन्हीकडे पैसे मोजून झाल्यावर बनलेले मत येथे मांडतो. मोठ्या शोरूमला ते लागू पडेलच असे नाही.

खासगी केंद्राकडे सोय निर्विवाद अधिक आहे. प्रतिनिधी दुकानात येऊन मजकूर लिहून घेतो, जिंगल झटपट तयार होते, आरजे बोलण्याच्या ओघात दुकानाचे नाव अशा खुबीने घेतो की ती जाहिरात वाटू नये, आणि स्पॉट, म्हणजे आपली ध्वनिमुद्रित जाहिरात, कोणत्या सेकंदाला वाजला याची नोंद, म्हणजे लॉगही, मेलवर येतो. आकाशवाणीत मजकूर त्यांच्या जाहिरात-नियमांच्या संहितेत बसतो की नाही हे आधी पाहिले जाते, त्यामुळे दसऱ्याच्या तोंडावर जाग येणाऱ्यांचे तेथे जमणे कठीण.

खासगी केंद्रावर मला खटकला तो गाण्यांमधला जाहिरातींचा ब्रेक. आमचा सकाळचा स्पॉट बहुधा त्याच्या शेपटाला येई: आधी फ्लॅट, मग क्लास, सोने, दुचाकीचे कर्ज, पुन्हा फ्लॅट, आणि त्यानंतर आमची गिरणी. ज्याचा पगार याच विक्रीतून निघतो तो आमच्या दुकानातला मुलगासुद्धा तिसऱ्या जाहिरातीला स्टेशन बदलत असे. लॉगमध्ये स्पॉट ठरल्या वेळी वाजलेला दिसे, आणि ते खोटेही नव्हते.

दोष एकट्या त्या केंद्राचा नसावा. १९९९ च्या धोरणानंतर झालेल्या पहिल्या लिलावात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते आणि ते न पेलल्याने अनेकांनी माघार घेतली. २००५ मध्ये एकरकमी प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाचा ४ टक्के हिस्सा अशी पद्धत आली, तेव्हा कुठे खासगी एफएम आपल्यासारख्या शहरांत पोहोचले. २०११ च्या धोरणाने परवाना १५ वर्षांचा केला, परंतु वार्षिक शुल्क एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, असे ठेवले. म्हणजे मंदीतही ही रक्कम एका मर्यादेखाली उतरत नाही. त्यात खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. मग जवळपास सगळ्यांकडे तीच चित्रपटगीते. जाहिरातीचा दर मुंबईइतका मिळत नसलेल्या शहरात ब्रेक लांबणारच.

विविध भारतीने मुंबई, पुणे आणि नागपूर येथे १ नोव्हेंबर १९६७ पासूनच जाहिराती घेतल्या, तेव्हा आकाशवाणीला हा व्यवहार नवा नाही. मात्र तिचा डोलारा केवळ जाहिरातींवर उभा नाही. त्यामुळे असेल कदाचित, पण तेथे आमचा स्पॉट गर्दीत सापडला नाही. शहरातल्या गंगापूर रोडवरून येणारे ग्राहक खासगी केंद्राचे नाव घेत आणि हप्त्यांची चौकशी करून जात. सिन्नर-दिंडोरी या तालुक्यांकडून येणारे 'आकाशवाणीवर ऐकलं' म्हणत आणि जाळी, भांडे, मोटर उघडून पाहून बहुधा गिरणी घेऊनच जात. हे मोजमाप नव्हे, गल्ल्यावर बसून बांधलेला अंदाज आहे.

दुकानाचे उद्घाटन किंवा चार दिवसांचा सेल असेल तर खासगी एफएमला पर्याय नाही, हे मान्य करावे लागेल. वर्षभर नाव कानावर राहावे असे वाटत असेल तर मी आकाशवाणीकडे जाईन, आणि गेलोही. तरीही खासगी केंद्रच निवडणार असाल, तर ब्रेकमधले पहिले किंवा दुसरे स्थान रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरातीच्या लेखी मागणीपत्रावर, लिहून घ्यावे, मग दर थोडा वाढला तरी चालेल.